जुनं छोटं विमान घेताना: मॉडेल शेवटी ठरवा, हिशोब आधी

सोलापूरहून प्रवासी विमानं उडू लागल्यापासून माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतो: “आपलं स्वतःचं एखादं जुनं छोटं विमान घ्यायचं म्हटलं तर कुठलं घ्यावं?” विचारणाऱ्यांत कारखानदार असतात, बांधकामवाले असतात. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पायलट होऊन घरी आली आहे असे पालकही असतात. बहुतेकांच्या मोबाईलवर आधीच एका विमानाचा फोटो असतो. किंमत ठरत आलेली असते, आणि वर घाई असते की भाव रोज चढतायत, आत्ता घेतलं नाही तर हातचं जाईल.

भाव चढलेत हे खरंच आहे. नवं सेसना 172 चार लाख डॉलरच्या वर गेलंय, त्यामुळे जुन्यांचे मालकही तोंड उघडतात. पण मी पाहिलेले फसलेले सौदे महाग घेतल्यामुळे फसले नव्हते. क्रम उलटा झाल्यामुळे फसले: आधी विमान आवडलं, मग इसार दिला, मग काम काय, इंधन कुठलं, कागद कसले हे बघितलं. गड्ड्याच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात दात मोजल्याशिवाय आणि चालवून बघितल्याशिवाय कुणी बैल घेत नाही. इथे मात्र तीच माणसं फोटोवर इसार देतात.

खालचा क्रम मोडू नका. एक पायरी पुरी झाली की मगच पुढची.

## 1. विमान कशासाठी, ते आकड्यांत लिहा

कागदावर चार ओळी लिहा. वर्षाला किती तास उडणार? नेहमीचा पल्ला किती? बरोबर किती माणसं? उडणार कोण, आणि त्याच्या परवान्यावर कोणत्या प्रकारच्या विमानाची नोंद आहे?

पल्ला सरळ रेषेत मोजा. सोलापूर ते बारामती साधारण 150 किलोमीटर, पुणे सुमारे 240. ताशी 200 ते 220 किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला बारामती पाऊण तासाची आहे. “पुण्याला मीटिंगला जाईन” म्हणणाऱ्यांनी पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे हे आधी लक्षात घ्यावं. तिथे छोट्या खासगी विमानाला जागा आणि वेळ मिळणं ही स्वतंत्र लढाई आहे.

तासांचा आकडा प्रामाणिकपणे लिहा. समजा हँगर, विमा, देखभाल, इंजिनिअर असा ठरलेला खर्च वर्षाला 10 लाख येतो. 150 तास उडलात तर तासाला साडेसहा हजारांच्या आसपास पडतो. 50 तास उडलात तर वीस हजार, आणि यात इंधन नाही. वर्षाला 50 तासांच्या खाली उडणार असाल तर दोघा-तिघांत मिळून घ्या किंवा क्लबचं विमान भाड्याने घ्या. हा सल्ला कुणाला आवडत नाही, तरी देतो.

इशारा: खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानातून पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. “रिकामं असेल तेव्हा भाड्याने देऊ, हप्ता निघेल” हे गणित आधीच खोडून टाका. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि त्याचा व्याप वेगळा असतो.

## 2. सोलापूरच्या उन्हात वजनाचा हिशोब करा

सगळ्यांत जास्त लोक चुकतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

विमानाला खरी उंची कळत नाही, त्याला हवेची दाटी कळते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान 12 अंश धरतात. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर असतो, म्हणजे 30 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला साधारण 120 फूट धरले तर 3,600 फूट होतात. ते 1,500 मध्ये मिळवा: 5,100. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. होटगी रोडच्या धावपट्टीवर उभं असलेलं तुमचं विमान त्या दुपारी पाच हजार फुटांवरच्या डोंगरी धावपट्टीवर असल्यासारखं वागतं. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे सुमारे 15 टक्के कमी होते. पंखांना आणि प्रोपेलरलाही पातळ हवाच मिळते.

आता वजन. सेसना 152 दोन खुर्च्यांचं, 110 हॉर्सपॉवरचं. उड्डाणाचं कमाल वजन 757 किलो, रिकामं वजन साधारण 520 धरा. उरले 237. टाक्या भरल्या तर वापरण्याजोगं इंधन सुमारे 93 लिटर, म्हणजे 67 किलो. 80 किलोची दोन माणसं 160. एकूण 227. बॅगेला दहा किलो उरले, तेही थंड सकाळी. मेमधल्या दुपारी मी हे विमान पूर्ण वजनाने उडवू देणार नाही.

सेसना 172 एस चार खुर्च्यांचं, 180 हॉर्सपॉवरचं. कमाल वजन 1,157 किलो, रिकामं साधारण 770. हातात 387. पूर्ण टाक्या म्हणजे 200 लिटर, 144 किलो. उरले 243, म्हणजे 80 किलोची तीन माणसं. चौथी खुर्ची आहे, चौथा माणूस नाही. चौघं बसवायचे तर इंधन निम्म्याहून कमी ठेवावं लागतं. तेवढ्यात राखीव सोडून दोनेक तास मिळतात. बारामतीला जायला-यायला ते पुरतं, हैदराबादला जाऊन इंधन न भरता परतायचं असेल तर नाही.

हे आकडे नमुन्याचे आहेत. जे विमान बघताय त्याचा ताजा वजन अहवाल मागा. जुन्या विमानात रेडिओ वाढतात, रंगावर रंग चढतो, आणि कागदावरचं रिकामं वजन वीस वर्षांपूर्वीचंच राहतं.

तपासा: विमानाच्या पायलट हँडबुकमधला टेक-ऑफ आणि चढाईचा तक्ता उघडा. 5,000 फुटांची ओळ आणि तुमचं वजन घेऊन आकडा काढा. विक्रेत्याने सांगितलेला “आरामात उचलतं” हा आकडा नाही.

## 3. इंधन कुठून येणार?

सेसना आणि पायपरच्या नेहमीच्या इंजिनांना अॅव्हगॅस 100 एलएल, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, लागतं. प्रवासी जेट विमानं भरतात ते एटीएफ यांना चालत नाही. इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत अॅव्हगॅस बनवते. पण देशात बनतं म्हणजे तुमच्या धावपट्टीवर मिळतं असं नाही. विमान बघण्याआधी पुरवठादाराकडून लेखी घ्या: कुठे मिळेल, किमान किती बॅरल घ्यावे लागतील, पोहोच काय दराने. बॅरल ठेवणार कुठे हेही ठरवा, कारण ठरावीक मर्यादेपलीकडे असं इंधन साठवायला परवाना लागतो.

याच कारणाने डायमंड डीए 40 चं डिझेल इंजिनवालं मॉडेल आपल्याकडे विचारात घेण्यासारखं आहे. ते एटीएफवर चालतं, आणि प्रवासी विमानं येतात त्या बहुतेक विमानतळांवर एटीएफ असतं. विकत घेताना महाग पडतं. शिवाय त्याच्या इंजिनाचे काही भाग ठरावीक तासांना बदलावेच लागतात, तो खर्च आधी विचारून घ्या.

तिसरा पर्याय म्हणून लोक टेक्नामसारखी, रोटॅक्स 912 इंजिनाची हलकी विमानं सुचवतात: “पेट्रोल पंपावरचं पेट्रोल चालतं की!” रोटॅक्सला 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल चालतं. आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांनी उसापासून काढलेलं इथेनॉल आपल्याच विमानाला नडतं, अशी ही गंमत. रोटॅक्स घेतलं तरी अॅव्हगॅस धरूनच हिशोब करा.

## 4. कागदावर कुठली विमानं उरतात ते बघा

परदेशी जाहिरातींत 1978 चं सेसना 172 दिसतं, रंग चकाचक, किंमत आवाक्यातली. ते बाजूला ठेवा. प्रेशराइज्ड नसलेलं (म्हणजे आत हवेचा दाब राखण्याची सोय नसलेलं), 20 वर्षांपेक्षा जुनं विमान आयात करायला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं, साधारणपणे परवानगी देत नाही. प्रत्येक अर्जाचा निर्णय विमानाची कागदपत्रं बघून होतो. म्हणजे तुमच्यासमोर खरे दोन बाजार आहेत: बाहेरची 20 वर्षांच्या आतली विमानं, आणि आधीच व्हीटी (भारतीय) नोंदणी असलेली देशातली विमानं. देशातली संख्येने कमी आहेत, त्यातली बरीच फ्लाइंग क्लब आणि प्रशिक्षण संस्थांची.

आयातीचा दुसरा धक्का कराचा. 22 सप्टेंबर 2025 पासून खासगी वापराच्या विमानांवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. एक कोटीचं विमान आणलं तर चाळीस लाख तिथेच, आणि सीमाशुल्क, कंटेनर, विमा, इथली जोडणी वेगळी. “प्रशिक्षणासाठी दाखवू, कर वाचेल” असं सांगणारा दलाल भेटला तर चहा पिऊन उठा. वापर एक आणि कागद दुसरा, हे प्रकरण पुढे तुमच्याच गळ्यात येतं, दलालाच्या नाही.

या पायरीवर प्रत्येक उमेदवार विमानाला तीन प्रश्न विचारा. हे मॉडेल डीजीसीएने मान्य केलेल्या प्रकारांत आहे का? बाहेरून येत असेल तर तिथल्या नियामकाकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दिनेस (विमान उड्डाणयोग्य असल्याचा निर्यातीचा दाखला) आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळणार का? देशातलं असेल तर एआरसी, म्हणजे दरवर्षी लागणारं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, चालू आहे का, आणि नसेल तर कधीपासून बंद आहे?

घरी जोडलेली, एक्स्पेरिमेंटल वर्गातली विमानं स्वस्त आणि देखणी असतात. ती यादीतून काढा.

इशारा: नियम बदलतात. पैसे हलवण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची नियमावली स्वतः वाचा. आयात असेल तर परवानगीचा अर्ज आधी, पैसे नंतर.

## 5. लॉगबुक घरी बसून वाचा

विमान बघायला जाण्याआधी सगळी लॉगबुकं, म्हणजे उड्डाणाच्या आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या, स्कॅन करून मागवा: एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन, प्रोपेलर. पहिल्या पानापासून. “जुनी एक वही पुरात गेली” असं उत्तर आलं तर किंमत कितीही असो, थांबा. हरवलेल्या वहीत काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि पुढे विकताना तोच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

वाचताना मी या क्रमाने जातो.

खंड. तारखांमध्ये मोठी मोकळी जागा शोधा. 2014 नंतर थेट 2021 ची नोंद असेल तर सात वर्षं विमान कुठे, कसं उभं होतं? जुन्या गाडीच्या जाहिरातीत “डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यापर्यंत चालायची” असं लिहितात, तसं इथे “फक्त 300 तास” लिहितात. गाडीला कमी चालणं चालून जातं. विमानाच्या इंजिनाला ते घातक आहे. या विमानांत नेहमी असणाऱ्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं, उघड्या धातूवर दमट हवेने गंज धरतो, आणि पुढे चालू केल्यावर तोच गंज कॅम आणि त्याला टेकणारे टॅपेट खरवडतो. दर आठवड्याला उडणारं 1,400 तासांचं इंजिन मला दहा वर्षं झाकून ठेवलेल्या 300 तासांच्या इंजिनापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

जागा. विमान कुठे उभं असायचं? मुंबई, गोवा, किनाऱ्यावरची ठिकाणं असतील तर पंखांच्या आतला गंज ही पहिली शंका. सोलापूरची कोरडी हवा विमानाला मानवते, पण इथे येण्याआधी लागलेला गंज ती काढत नाही.

ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधणं. सेसना 152 च्या ओ-235 इंजिनाला कंपनी 2,400 तास सांगते, 172 च्या ओ-320 आणि आयओ-360 ला साधारण 2,000. त्याला जोडून 12 वर्षांची अट असते, दोन्हींत आधी येईल ती. विक्रेता तास सांगतो, वर्षं सांगत नाही. “ती नुसती शिफारस आहे” असंही म्हणेल. त्या विमानाच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये काय लिहिलंय तेच तुम्हाला लागू.

अपघाताच्या खुणा. “प्रोपेलर बदलला” एवढीच ओळ दिसली तर का बदलला ते विचारा. फिरता प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याची नोंद हवी. ती नसेल तर त्या इंजिनाची किंमत शून्य धरा. एकाच दिवशी पंखाचं टोक, चाक आणि रंगकाम अशा नोंदी असतील तर ते रंगकाम हौसेने केलेलं नाही.

एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे नियामकाने काढलेले सक्तीचे सुरक्षा निर्देश. प्रत्येक लागू निर्देशासमोर तारीख, तास आणि सही हवी. सेसनात खुर्चीच्या रुळाची तपासणी बघा. टेक-ऑफला खुर्ची मागे सरकली तर पायलट कंट्रोल धरूनच मागे जातो आणि विमानाचं नाक वर ओढलं जातं. जीव गेलेत त्यात. पायपरच्या पीए-28 मालिकेतल्या बऱ्याच विमानांना पंखाच्या मुख्य स्पारच्या (पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या) बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने भेगा शोधणं, ठरावीक तासांनंतर लागू आहे. 2018 मध्ये फ्लोरिडात प्रशिक्षण उड्डाणात पंख तुटल्यावर हा निर्देश निघाला. शाळेत राबलेलं विमान ही मर्यादा लवकर गाठतं, कारण तिथल्या तासांना या मोजणीत जास्त वजन असतं.

1977 ते 1980 मधलं, ओ-320-एच2एडी इंजिनाचं जुनं 172 एन देशात कुठे मिळालं तर कॅम आणि टॅपेटवर दुप्पट लक्ष द्या. त्या इंजिनाची ती जुनी ओळख आहे.

## 6. तपासणी तुमच्या माणसाकडून

तपासणी करणारा इंजिनिअर विक्रेत्याचा नको, त्या विमानाचा नेहमीचाही नको. त्याचा प्रवास, मुक्काम, फी तुम्ही द्या. सौदा मोडला तर हे पैसे गेले असं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हाच खर्च वाचवला. विमान पोहोचल्यावर पहिल्याच वार्षिक तपासणीत कॅम खाल्लेला निघाला. आठ महिने विमान हँगरमध्ये, इंजिन बाहेर.

किमान एवढं झालंच पाहिजे:

1. इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरतो ते. 80 पीएसआयच्या दाबाला किती टिकतं ते प्रत्येक सिलिंडरचं वेगळं लिहा. 60 च्या खाली गेलं, किंवा सिलिंडरांत 10-15 चा फरक पडला तर कारण शोधा. हवा सायलेन्सरमधून सुटत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सुटत असेल तर पिस्टनच्या रिंगा. प्रोपेलर धरायला जाणती माणसं हवीत, दाबाने तो फिरतो.
2. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) प्रत्येक सिलिंडर आतून. फोटो तुमच्याकडे ठेवा.
3. तेलाचा फिल्टर कापून, घडी उलगडून उन्हात धरा. चकाकणारे कण दिसले तर चुंबक लावा. चिकटले तर पोलाद, बहुधा कॅम-टॅपेटकडचं.
4. पंखांच्या तपासणी झाकण्या उघडून आतला गंज, रिव्हेटांभोवती काळी रेघ, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) सुरकुत्या. सेसनाची फायरवॉल वाकडी असेल तर नाकावरचं चाक कधीतरी जोरात आपटलंय.
5. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) 500 तासांची तपासणी झाली आहे का. वहीत आणि प्रत्यक्ष, दोन्हीकडे.
6. रबरी नळ्यांवरच्या तारखा. उन्हात उभ्या विमानाच्या काचा आणि नळ्या आधी जातात.

शेवटी उड्डाण. इंजिन आधीच गरम करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशी सांगा. थंड इंजिन पहिल्या फटक्यात कसं धरतं ते तुम्हाला बघायचंय.

तपासा: विमानावरच्या डेटा प्लेटवरचा, म्हणजे कंपनीने लावलेल्या पट्टीवरचा, अनुक्रमांक, लॉगबुकवरचा आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तिन्ही जुळतात का? इंजिनाचाही. पाच मिनिटांचं काम आहे, तेच राहून जातं.

## 7. आता किमतीची तुलना

मागितलेली किंमत तुलनेला घेऊ नका. इंजिनाचं खर्ची पडलेलं आयुष्य त्यात मिळवा. समजा ओव्हरहॉल आणि वाहतूक मिळून 35 लाख धरले, आयुष्य 2,000 तास.

पहिलं विमान 90 लाख, ओव्हरहॉलनंतर 1,700 तास. खर्ची पडलेला भाग 29 लाख 75 हजार. तुमच्यासाठी ते 1 कोटी 20 लाखांच्या घरात आहे. दुसरं 1 कोटी 8 लाख, 400 तास. खर्ची भाग 7 लाख, म्हणजे 1 कोटी 15 लाख. “अठरा लाख महाग” विमान प्रत्यक्षात स्वस्त निघालं. मात्र दुसऱ्याचं ओव्हरहॉल 11 वर्षांपूर्वीचं असेल तर हे गणित उलटं फिरतं. म्हणून वर्षं विचारा म्हटलं.

चढत्या बाजारात घासाघीस फार चालत नाही. चालते ती तपासणी अहवालाच्या जोरावर: नळ्या एवढ्या, मॅग्नेटो एवढा, एवढे कमी करा. आणि वेगाचं म्हणाल तर पायऱ्या गाळून वेग मिळत नाही. पहिल्या चार पायऱ्या विमान शोधण्याआधीच पुऱ्या करून ठेवा, इंजिनिअर आणि पैसे तयार ठेवा. मग चांगलं विमान दिसल्यावर आठवड्यात निर्णय होतो आणि घाईवाला अजून इंधन कुठे मिळेल हे विचारत असतो.

## 8. इसार आणि हस्तांतर

इसार तपासणीच्या अटीवर द्या. दलालाच्या खात्यात देऊ नका. करारात लिहून घ्या: तपासणीत अमुक दोष निघाला तर पूर्ण परत, अमुक दिवसांत. तोंडी शब्दावर दिलेले पैसे परत आणणं हा पूर्णवेळ धंदा आहे.

बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, आणि ज्या विमानतळावर किंवा क्लबात विमान उभं आहे तिथली भाडेबाकी शून्य असल्याचं पत्र, ही दोन्ही शेवटचा हप्ता देण्याआधी हातात हवीत. बाकी असली तर विमान हलू देत नाहीत. विक्रेता कंपनी किंवा संस्था असेल तर विक्रीचा ठराव मागा आणि त्या व्यवहारावर जीएसटी किती ते तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

विमान आणण्याआधी सोलापुरात ते कुठे उभं राहणार याची लेखी परवानगी घ्या. रिकाम्या अॅप्रनकडे (विमानं उभी करायच्या पटांगणाकडे) बोट दाखवून “जागा आहे की” म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. मे महिन्यात उघड्यावर ठेवायचं असेल तर काचांची झाकणं पहिल्या दिवशीच हवीत.

नोंदणी तुमच्या नावावर झाली की विमा त्याच नावाने आणि त्याच तारखेपासून घ्या. रेडिओचा परवाना वेगळा असतो, तोही नव्या मालकाच्या नावावर करावा लागतो. विमान परदेशातून आलं असेल तर ईएलटीचं, म्हणजे अपघातात आपोआप संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राचं, कोडिंग भारताचं करून बंगळुरूच्या शोध-बचाव संदेश केंद्रात नोंदवा. नाहीतर अपघात झाल्यावर शोधाचा पहिला फोन जुन्या मालकाच्या देशात जाईल.

पहिले दहा तास सकाळी नऊच्या आत, इंधन अर्धं, सोबत एक अनुभवी प्रशिक्षक. दहा तासांनी तेल बदला आणि फिल्टर परत कापून बघा.